दोन स्टेजांमधलं

एकतीस वर्षं या खोऱ्यातून गेलो,
पाठमोरा.
कंडक्टरचं असंच : तोंड माणसांकडं, पाठ रस्त्याला,
एक हात वरच्या दांडीला, एक चिल्लरीत.
गावं म्हणजे आकडे.
बेनकनहळ्ळी तीन, बेळगुंदी पाच,
यळेबैल सात, राकसकोप आठ, तिथं गाडी वळायची.
बोर्ड कन्नडात, ओरडायचं मराठीत,
वेबिल इंग्रजी आकड्यांत,
भांडण ज्याच्या त्याच्या भाषेत.
मार्कंडेय कुठल्या बाजूनं वाहते
हे मला विचारलं असतं तर
खिडकीतल्या कुणाला तरी विचारून सांगितलं असतं.

दिवाळी झाली.
एका सकाळी पाचव्या स्टेजला उतरलो,
पत्र्यावर दोन थापा मारल्या. रैट.
गाडी माझ्याशिवाय गेली, धूळ माझ्याजवळ राहिली,
आणि खाली बसल्यावर
बांध दिसला.

बांधावरनं पाय तिरके टाकावे लागतात.
भात कापलेलं. धाटांच्या बुडख्यांतून
बासमतीचा वास अजून निघतोय,
भांडं घासलं तरी राहतो तसा.
वळ्या रचलेल्या, एकीवर कुणीतरी स्वेटर विसरलेला.
पाट कुठून कुठं जातो ते बघत
मी दोनदा त्याच खेकड्याच्या बिळाशी आलो.

सोनोलीच्या कट्ट्यावर लुमाण्णा विळ्याला मूठ बसवत होता.
'कुठं निघालास गा? गाडी चुकली काय?'
'नाही. चालायलोय.'
'उगीच?'
'उगीच.'
त्यानं मूठ दगडावर आपटून बघितली.
'मग पाय चांगले पाहिजेत,' म्हणाला,
'कामाला जाणारा कसा बी पोचतोय.'

ओढ्याच्या अलीकडं बायका रताळी काढत होत्या.
वाटेवरच बुट्ट्या मांडलेल्या.
सवयीनं बोललो, 'जरा सरा, आत सरा.'
एक बाई ताठ उभी राहिली, मातीच्या हातांनिशी.
चेहरा नाही, आवाज ओळखला तिनं.

'तुम्ही ते, राकसकोपच्या गाडीवरचे.
आमची आई म्हणायची, ओढ्याजवळ थांबवा,
तुम्ही म्हणायचा, मधे स्टेज नाही.
सातवर उतरून परत चालत यायची ती,
डोक्यावर बुट्टी घेऊन.'

नियम होता. तपासणीची जीप असायची.
हे सगळं आठवलं,
एवढ्या रानात ते ठेवायला जागा सापडली नाही.
'आहेत का त्या?'
'कवाच गेली.'
तानाक्का रागावली नव्हती, तेच अवघड होतं.
तिनं दोन रताळी हातात दिली, मातीसकट.
मी खिशात हात घातला.
'राहू द्या,' म्हणाली, 'सुट्टे नाहीत माझ्याकडं.'
बायका हसल्या. मीही हसलो, थोडा उशिरा.

ओढा ते यळेबैल, मी पावलं मोजली.
सोळाशे चाळीस. गाडीत हे अंतर
एका अर्ध्या तिकिटाच्या भांडणाएवढं.
मधे चढ आहे, मला कधी लागला नव्हता.
चढाच्या पोटात कमरेएवढा धोंडा,
वरचा भाग गुळगुळीत.
बुट्टी उतरवायला कुणाला न वाकता पुरेल
इतकाच उंच.
हात ठेवला. उन्हानं तापला होता.

तेवढ्यात गाडी परतली.
फकिराप्पानं काच खाली केली,
'अहो, चढा की! इथं काय करूलालासा?'
दार उघडं, इंजिन थरथरत,
खिडकीखिडकीतून माणसं माझ्याकडं बघतायत,
स्टेज नसलेल्या जागी उभ्या म्हाताऱ्याकडं.
'नको. पुढं ओढ्याजवळ
कुणी हात केला तर थांबव.'
'थांबवतोय की आता सगळीकडं,' तो म्हणाला,
'तो नियम कवाच गेला.'

गाडी गेली.
मी उलटा निघालो, सातकडं.
खिशातली रताळी
पावलागणिक मांडीला लागत होती.